‘पीआरजीएम’ नावाची कळ: परीक्षेच्या यंत्रावर प्रोग्रामिंग शिकलेली पिढी

१/ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९९६ साली टीआय-८३ हा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. त्याच्या कळांच्या गर्दीत ‘पीआरजीएम’ अशी चार रोमन अक्षरे कोरलेली एक कळ होती. गणिताच्या तासाला तिचे काम क्वचितच पडे आणि अनेक शिक्षक तिचा उल्लेखही करीत नसत. तरीही अमेरिकेतील एका अख्ख्या पिढीतल्या असंख्य मुलांनी आयुष्यातला पहिला प्रोग्राम लिहिला तो हीच कळ दाबून. शिकवण्यासाठी न बनवलेल्या यंत्राने प्रोग्रामिंग कसे शिकवले आणि ती वाट पुढे कोणी अरुंद केली, त्याचा हा इतिहास.

२/ महाराष्ट्रात लॉग टेबल घेऊन बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्यांना हे यंत्र अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे समीकरण दिले असता त्याचा आलेख स्वतःच्या छोट्या पडद्यावर काढून दाखवणारे, हातात मावणारे यंत्र. टीआय-८३ चा पडदा ९६ बाय ६४ बिंदूंचा, म्हणजे अवघ्या ६,१४४ ठिपक्यांचा होता. त्यावर अक्षरांच्या आठ ओळी मावत आणि एका ओळीत सोळा अक्षरे. वापरणाऱ्याच्या वाट्याला मेमरी येई ती सुमारे २७ किलोबाइट.

३/ हातातल्या यंत्राला सूचनांची मालिका देण्याची कल्पना याहून जुनी आहे. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-६५ हा कॅल्क्युलेटर १९७४ साली आला. त्यात शंभर पायऱ्यांपर्यंतचा प्रोग्राम साठवता येई आणि तो छोट्या चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवता येई. १९७५ च्या अपोलो-सोयूझ मोहिमेत अंतराळवीरांनी तो सोबत नेला होता. पण त्याची किंमत होती ७९५ डॉलर. अभियंत्यांना आणि संशोधकांना परवडणारी ती वस्तू होती. शाळकरी मुलाच्या दप्तरात ती येणे शक्य नव्हते.

४/ आलेख काढणारे पहिले यंत्र जपानमधून आले. कॅसिओने १९८५ साली एफएक्स-७०००जी बाजारात आणला. पडद्यावर वक्ररेषा उमटताना पाहणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. याही यंत्रात प्रोग्राम लिहिता येत. मात्र त्यासाठी मेमरी होती फक्त ४२२ बाइट. या परिच्छेदातला मजकूर तिथे साठवायचा म्हटला, तरी ती जागा पुरली नसती.

५/ या यंत्राला वर्गाचे दार उघडून दिले ते गणिताच्या शिक्षकांनी. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रँक डेमाना आणि बर्ट वेट्स हे प्राध्यापक आलेखांच्या साहाय्याने बीजगणित शिकवण्याचा आग्रह धरीत होते. १९८९ साली अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने शालेय गणिताची मानके प्रसिद्ध केली. नववी ते बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सदैव उपलब्ध असावा, अशी अपेक्षा त्यांत स्पष्टपणे मांडली होती. पुढच्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर टीआय-८१ आला.

६/ टीआय-८१ च्या पोटात झायलॉग कंपनीचा झेड-८० हा प्रोसेसर होता. फेदेरिको फाजिन आणि मासातोशी शिमा यांनी घडवलेला हा प्रोसेसर १९७६ सालचा. १९८० च्या आसपासच्या कित्येक घरगुती संगणकांचे तेच हृदय होते. म्हणजे १९९० साली विद्यार्थ्यांच्या हाती आलेले यंत्र आतून आधीच चौदा वर्षे जुने होते. विशेष म्हणजे २००४ सालच्या टीआय-८४ प्लसमध्येही हाच प्रोसेसर, फक्त अधिक वेगाने, काम करीत होता. इतर सारे संगणक दर दोन-तीन वर्षांनी पालटत असताना हे एकच यंत्र स्थिर का राहिले? याचे उत्तर परीक्षेत सापडते.

७/ महाविद्यालय-प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेत १९९४ पासून कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी मिळाली. १९९५ पासून कॅल्क्युलसच्या एपी परीक्षेसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला. सोबत एक नियमही आला: टंकलेखन यंत्रासारखा अक्षरफलक असलेले उपकरण चालणार नाही. त्याच वर्षी आलेल्या टीआय-९२ ला असा अक्षरफलक होता, म्हणून त्याला प्रवेश नाकारला गेला. कंपनीने १९९८ साली जवळपास तीच बीजगणिती क्षमता नेहमीच्या कॅल्क्युलेटरच्या आकारात बसवली आणि टीआय-८९ काढला. त्याला मात्र परवानगी मिळाली.

८/ या नियमाचे परिणाम दूरगामी झाले. संगणकासारखे दिसणारे यंत्र परीक्षेत चालणार नाही, पण कॅल्क्युलेटरसारखा दिसणारा संगणक चालेल, अशी स्थिती निर्माण झाली. शाळा, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा एकाच यंत्राभोवती स्थिरावल्या. स्पर्धा क्षीण झाली आणि साधारण शंभर डॉलरची किंमत वर्षानुवर्षे फारशी उतरली नाही. गरीब कुटुंबांना तो भार जाणवत असे. काही शाळा आपल्याकडील यंत्रे वर्षभरासाठी उसनी देत. पण याच सक्तीमुळे एक प्रोग्राम करता येण्याजोगे यंत्र लक्षावधी मुलांच्या दप्तरात रोज शाळेत जाऊ लागले.

९/ हे घडले तो काळही लक्षात घेण्यासारखा आहे. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जमावी अशी बेसिक ही भाषा तयार केली. १९८० च्या दशकातले अनेक घरगुती संगणक सुरू करताच थेट बेसिकमध्ये उघडत. समोर लुकलुकणारा कर्सर ‘काहीतरी लिही’ असेच जणू सांगे. १९९० च्या दशकात चित्रांच्या आणि खिडक्यांच्या संगणकांनी हे दृश्य मागे सारले. संगणक वापरणारी मुले वाढली, पण प्रोग्राम लिहिण्याची जागा त्यांच्या नजरेआड गेली. कॅल्क्युलेटरवर मात्र ती एका कळीच्या अंतरावर राहिली.

१०/ टीआय-बेसिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भाषेतला नवशिक्याचा पहिला प्रोग्राम बहुधा वर्गसमीकरणाचा असे. त्याचे स्वरूप असे:
प्रॉम्प्ट ए, बी, सी
बी² − ४एसी → डी
डिस्प (−बी + √(डी)) ÷ (२ए)
डिस्प (−बी − √(डी)) ÷ (२ए)
पहिली ओळ तीन सहगुणक विचारते. दुसरी विवेचक काढून ‘डी’ या चलात ठेवते. उरलेल्या दोन ओळी मुळे दाखवतात. ‘चल’ हा शब्द बीजगणितात अनेकदा शिकवला जातो. इथे ते किंमत ठेवण्याचे एक भांडे आहे, हे विद्यार्थी प्रथमच अनुभवत असे.

११/ खरे शिक्षण सुरू होई ते प्रोग्राम अडला की. विवेचक ऋण आला, तर नेहमीच्या मांडणीत यंत्र ‘उत्तर वास्तव संख्या नाही’ अशी चूक दाखवून थांबे. ‘ए’ शून्य दिला, तर शून्याने भागल्याची तक्रार करी. त्या पडद्यावर दोन पर्याय असत: बाहेर पडणे, किंवा ‘गोटो’ निवडून नेमक्या चुकलेल्या जागी जाणे. दुसरा पर्याय निवडणाऱ्या मुलाला कर्सर थेट दोषाच्या ठिकाणी नेऊन ठेवी. मग ‘डी शून्यापेक्षा लहान असेल, तर’ ही अट लिहावी लागे. वर्गसमीकरणाची मुळे कोणत्या प्रकारची आहेत, हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न आता त्याच्या स्वतःच्या प्रोग्रामची निकड बनलेला असे.

१२/ आज्ञा लिहिण्याची रीतही आगळी होती. ‘डिस्प’ ही आज्ञा अक्षरे एकेक करून टंकता येत नसे. ती यादीतून निवडावी लागे, कारण यंत्राच्या लेखी ती एकच खूण होती आणि एकच बाइट जागा घेई. नवशिक्याने कष्टाने डी, आय, एस, पी अशी चार अक्षरे टंकली, तर यंत्र त्या चार चलांचा गुणाकार करून मोकळे होई आणि चूकही दाखवीत नसे! माणसाला शब्द दिसतो तिथे यंत्राला काही वेगळेच दिसते, हा संगणकशास्त्रातला मूलभूत धडा असा फजितीतून पदरी पडे.

१३/ वर्गसमीकरणानंतर खेळांची पाळी येई. यंत्रात ‘गेटकी’ नावाची आज्ञा होती. ती दाबलेल्या कळीचा क्रमांक सांगे आणि त्या क्रमांकांत एक शिस्त होती: आधी ओळ, मग स्तंभ. डावा बाण दुसऱ्या ओळीत चौथ्या जागी, म्हणून २४. उजवा बाण २६. खालचा बाण ३४. ‘एंटर’ दहाव्या ओळीत पाचवा, म्हणून १०५. कळ दाबली जाईपर्यंत फिरत राहणारे एक आवर्तन लिहायचे, क्रमांक तपासायचा, जुन्या जागचे अक्षर पुसायचे आणि नव्या जागी उमटवायचे. एवढ्यावर पडद्यावरचे एक अक्षर बोटाच्या इशाऱ्यावर चालू लागे.

१४/ या यंत्रांवर गाजलेल्या खेळांत स्वस्तात माल घेऊन महागात विकण्याचा ‘ड्रगवॉर्स’ होता. विषय शाळेला शोभणारा नव्हताच. पण त्याची रचना नवशिक्याच्या आवाक्यातली होती: काही चलांत साठा आणि रोकड, यादृच्छिक संख्येने ठरणारे भाव आणि दिवस मोजणारे एक आवर्तन. तो खेळून झाल्यावर पुष्कळांना तो बदलून पाहावासा वाटे. आरंभीची रोकड दहापट करणारी मुले न कळत दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचण्याचा अभ्यास करीत होती.

१५/ ही देवाणघेवाण शक्य झाली ती एका तारेमुळे. १९९२ च्या टीआय-८५ पासून दोन कॅल्क्युलेटर छोट्या तारेने जोडता येऊ लागले आणि प्रोग्राम एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ लागला. महत्त्वाची गोष्ट अशी, की टीआय-बेसिकमधला प्रोग्राम सोबत आपला पूर्ण मजकूरही घेऊन येई. संगणकाच्या मदतीने मुद्दाम कुलूप लावले नसेल, तर मिळालेला प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचता येई. दुकानातून आणलेल्या खेळाच्या आत डोकावता येत नसे. मित्राकडून आलेला खेळ मात्र उघड्या पुस्तकासारखा असे.

१६/ यंत्राच्या मर्यादाही शिक्षकाचे काम करीत. ओळीच्या शेवटचा कंस पूर्ण केला नाही तरी चालते आणि एक बाइट वाचतो, हे मुले एकमेकांना सांगत. ‘गोटो’ ही उडी मारण्याची आज्ञा सोपी होती, पण तिला किंमत होती. यंत्र उडीचे ठिकाण प्रोग्रामच्या आरंभापासून शोधत येई, त्यामुळे लांबलचक खेळ मंदावत. आवर्तनाच्या मधूनच ‘गोटो’ने बाहेर उडी मारली, तर त्या अपुऱ्या आवर्तनाची नोंद मेमरीत पडून राही. असे पुनःपुन्हा झाले, की मेमरी संपल्याची चूक येई. प्रोग्रामला नीट बांधणी का हवी, याचे उत्तर तिथे आपोआप मिळे.

१७/ शिक्षकांपुढे यातून एक पेच उभा राहिला. सूत्रे साठवलेला कॅल्क्युलेटर म्हणजे खिशातली कॉपीच नव्हे का? अनेक वर्गांत चाचणीआधी मेमरी पुसण्याचा आदेश असे. त्यावर मेमरी पुसल्याचा खोटा पडदा दाखवणारे प्रोग्राम लिहिणारेही निघाले. दुसरीकडे एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत मेमरी पुसण्याची अट नव्हती. वादाचे मूळ वेगळ्याच ठिकाणी होते. मित्राचा प्रोग्राम उतरवून घेणाऱ्याला सूत्राची ओळखही नसे. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र ते सूत्र, त्याचे अपवाद आणि त्याच्या मर्यादा समजून घ्याव्याच लागत. एकाच यंत्रातले हे दोन विद्यार्थी परीक्षेला वेगळे ओळखता येत नव्हते.

१८/ टीआय-बेसिक संथ होती. वेगवान खेळांसाठी थेट प्रोसेसरच्या, म्हणजे असेंब्ली भाषेत लिहिणे भाग होते आणि आरंभी कंपनीने तशी सोय दिलेली नव्हती. १९९० च्या दशकाच्या मध्यास टीआय-८५ च्या छंदिष्टांनी वाट शोधली. यंत्राच्या मेमरीची प्रत संगणकावर घेऊन, तीत नेमका फेरफार करून ती परत भरली, की स्वतःचा असेंब्ली प्रोग्राम चालवता येई. ‘झेडशेल’ या नावाने ही युक्ती पसरली. पुढे कंपनीनेही दार किलकिले केले. टीआय-८३ मध्ये अशी एक आज्ञा पुस्तिकेत न नोंदवता ठेवलेली होती आणि १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये ती अधिकृतपणे दिली गेली.

१९/ तरीही एक कुलूप उरले. यंत्राची मूळ कार्यप्रणाली बदलायची, तर तिच्यावर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी लागे. ती ५१२ बिटांच्या आरएसए किल्लीवर बेतलेली होती. सुमारे १५५ अंकी संख्येचे दोन मूळ अवयव शोधता आले, तरच ती बनावट करता येणार. १९९९ साली तेवढ्याच लांबीची एक संख्या प्रथमच फोडली गेली, तेव्हा आंतरराष्ट्रीय चमूला शेकडो संगणक आणि कित्येक महिने लागले होते. २००९ साली एका छंदिष्टाने सर्वांना उपलब्ध असलेली साधने वापरून, घरच्या एका संगणकावर ७३ दिवसांत टीआय-८३ प्लसची किल्ली शोधून काढली.

२०/ पाठोपाठ इतर यंत्रांच्या किल्ल्याही अनेकांनी आपापल्या संगणकांची शक्ती एकत्र करून मिळवल्या. कंपनीने स्वामित्वहक्काच्या डीएमसीए कायद्याचा आधार घेत किल्ल्या काढून टाकण्याच्या नोटिसा धाडल्या. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांसाठी काम करणारी संस्था छंदिष्टांच्या बाजूने उभी राहिली. विकत घेतलेल्या यंत्रावर स्वतःची कार्यप्रणाली चालवणे म्हणजे कोणाच्या कृतीची चोरी नव्हे, असे तिचे म्हणणे होते. वर्गसमीकरणाच्या चार ओळींपासून निघालेली वाट आता एका मोठ्या प्रश्नापाशी आली होती. यंत्र ज्याने विकत घेतले त्याचे, की ज्याने बनवले त्याचे?

२१/ २०२० साली परीक्षेने पुन्हा आपला अधिकार बजावला. परीक्षेसाठीची बंधने चुकवता येतात असे दिसल्यावर कंपनीने टीआय-८४ प्लस सीई आणि फ्रान्समधील त्याच्या भावंडासाठी नवी कार्यप्रणाली आणली आणि तीतून असेंब्ली प्रोग्रामांची सोय काढून टाकली. काही महिन्यांतच छंदिष्टांनी पळवाट शोधली, पण धोरण स्पष्ट झाले होते. दुसरीकडे पायथन ही भाषा कॅल्क्युलेटरवर आली: २०१७ च्या फ्रेंच नमवर्क्सवर, २०१९ मध्ये फ्रान्समधील टीआयच्या यंत्रावर आणि २०२१ मध्ये टीआय-८४ प्लस सीई पायथनवर. भाषा अधिक समर्थ झाली, पण यंत्राच्या तळापर्यंत उतरणारी शिडी मात्र काढून घेतली गेली.

२२/ आता ज्या परीक्षेने हे यंत्र जगवले, तिलाच त्याची गरज उरलेली नाही. अमेरिकेत २०२४ पासून एसएटी पूर्णपणे संगणकावर होते आणि आलेख काढणारा डेसमॉस हा कॅल्क्युलेटर तिच्याच पडद्यावर मिळतो. तो आलेख उत्तम काढतो. पण तो परीक्षेसोबत उघडतो आणि परीक्षेसोबतच मिटतो. कंटाळवाण्या तासाला बाकाखाली धरून त्यात काही लिहून पाहण्याची सोय तिथे नाही.

२३/ या इतिहासात कोणत्याही शिक्षणमंडळाने ‘मुलांना कॅल्क्युलेटरवर प्रोग्रामिंग शिकवू या’ असा ठराव केलेला आढळत नाही. यंत्र गणितासाठी आले, परीक्षेमुळे टिकले आणि किमतीमुळे अनेकांना जाचले. मुलांनी त्यातून प्रोग्रामिंग उचलले, कारण ते सदैव हाताशी होते, चूक नेमकी कुठे झाली ते दाखवीत होते आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचू देत होते. आजच्या मुलाच्या खिशातला फोन त्या यंत्राच्या हजारो पटींनी सामर्थ्यवान आहे. त्याच्या पहिल्या पडद्यावर मात्र ‘पीआरजीएम’ अशी कळ नाही.